रानच्या मांसाचे रंग

मांसाचा रंग पाहून त्याची पारख करण्याची मनुष्याची संवय फार जुनी आहे. खाटकाच्या दुकानापुढें उभें राहिलेलें गिऱ्हाईक आधीं नाकाला विचारतें, मग डोळ्याला. आणि बाजारच्या मांसापुरता या दोघांचा कौल बहुधा खरा ठरतो. पण तेंच मांस रानांतल्या जनावराचें असलें म्हणजे डोळा फसूं लागतो. सुरी चालवितांना एखाद्या ठिकाणीं हिरवट झांक दिसते, मांडीचा गाभा काळपट लागतो, चरबी हळदीनें माखल्यासारखी पिवळी निघते. आणि २०२५ सालीं तर अमेरिकेंतून अशी बातमी आली, कीं रानडुकराची चरबी कापली तों ती निळीशार निघाली. यांतला कोणता रंग निरुपद्रवी, कोणता रोगाचा, कोणता विषाचा, आणि मुख्य म्हणजे कोणतें विष मुळींच रंग दाखवीत नाहीं, हें समजून घेण्यासारखें आहे.

गोंदिया जिल्ह्याच्या दृष्टीनें हा प्रश्न नुसत्या कुतूहलाचा नाहीं. १ मे १९९९ रोजीं भंडारा जिल्ह्यांतून वेगळा झालेला हा जिल्हा महाराष्ट्राच्या अगदीं पूर्वेच्या टोंकाला, मध्यप्रदेश आणि छत्तीसगड यांच्या सीमेला लागून आहे. धान, तलाव आणि रान या तिहींनीं त्याचें अंग घडलें आहे. कोहळी समाजाच्या पूर्वजांनीं बांधलेले तलाव आजही येथील बांध्यांना पाणी देतात, आणि बऱ्याच गांवांत शेताचा धुरा जेथें संपतो तेथेंच रान सुरू होतें. नागझिऱ्याचें अभयारण्य १९७० सालचें, नवेगांवचें राष्ट्रीय उद्यान १९७५ सालचें. २०१३ सालीं हे दोन्ही भाग आणि भोंवतालचीं रानें मिळून नवेगांव-नागझिरा व्याघ्रप्रकल्प झाला. रोवणी आटोपून धान भरूं लागलें, कीं रानडुकरांचे कळप रात्रीं शेतांत उतरतात. डुकर जेवढें खातें त्याच्या कितीतरी पट तुडवितें. चार महिन्यांची मेहनत एका रात्रींत लोळविलेली पाहून शेतकरी हातावर हात ठेवून बसेल, अशी अपेक्षा शहरांतल्या माणसानें तरी करूं नये.

पण त्यावर जे उपाय योजिले जातात ते भयंकर आहेत. विजेच्या तारेवर आंकडा टाकून शेताभोंवतीं वा जनावरांच्या वाटेवर जिवंत तार सोडणें, ज्याला खेड्यांत 'करंट लावणें' म्हणतात, हा त्यांतला पहिला. विष कालवलेलें आमिष हा दुसरा. फांसे आणि कणकेच्या गोळ्यांत दडविलेली स्फोटक दारू हे आणखी दोन. मेलेलें जनावर मग वायां जात नाहीं. त्याचे वाटे पडतात, आणि 'रानचें मटण' म्हणून एखादा डबा नात्यागोत्याच्या किंवा ओळखीच्या आधारानें शहरांतल्या स्वयंपाकघरापर्यंतही पोहोंचतो. डबा उघडणाऱ्या गृहिणीला तें जनावर कसें मेलें हें कोणी सांगत नाहीं, आणि विचारण्याचा प्रघातही नाहीं.

येथें कायद्याची गोष्ट आधींच सांगून टाकलेली बरी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें रानडुकर, चितळ, सांबर, नीलगाय यांची शिकार आणि त्यांचें मांस बाळगणें हा गुन्हा ठरविला आहे. शेताचें फार नुकसान करणाऱ्या डुकरांच्या बाबतींत सरकार कांहीं अटींवर परवानगी देतें हें खरें, पण ती परवानगी पीक वांचविण्याची आहे, मेजवानीची नव्हे. तेव्हां पुढें जें सांगावयाचें आहे तें 'कोणता तुकडा खावा' हें शिकविण्यासाठीं नव्हे. रंग हा मेलेल्या जनावराचा मूक जबाब असतो. तो वाचतां आला तर तें कसें मेलें याचा तर्क करतां येतो, एवढ्यासाठीं हा खटाटोप.

प्रथम मांस मुळांत लाल कां, हें पाहूं. पुष्कळांची समजूत अशी, कीं तो रक्ताचा रंग. तसें तें नाहीं. रक्त बव्हंशीं निथळून गेल्यावरही मांस लालच राहतें, कारण स्नायूंत मायोग्लोबिन नांवाचें एक रंगद्रव्य असतें. त्याच्या मध्यभागीं लोहाचा एक अणु बसलेला असतो, आणि स्नायूला लागणारा प्राणवायु तो धरून ठेवतो. जॉन केंड्र्यू या इंग्रज शास्त्रज्ञानें देवमाशाच्या स्नायूंतून काढलेल्या मायोग्लोबिनाची अंतर्रचना १९५८ सालीं उलगडली, आणि त्याबद्दल १९६२ सालीं त्याला मॅक्स पेरुट्झ याच्याबरोबर नोबेल पारितोषिक मिळालें. देवमासाच कां निवडला? कारण दीर्घकाळ श्वास कोंडून पाण्याखालीं राहणाऱ्या त्या प्राण्याच्या स्नायूंत हें द्रव्य इतकें दाटलेलें असतें, कीं त्याचें मांस काळसर दिसतें. जो स्नायु अधिक राबतो त्यांत मायोग्लोबिन अधिक. खुराड्यांतल्या कोंबडीची छाती पांढरी आणि पाय काळपट, याचें कारण हेंच. दिवसरात्र धांवणाऱ्या चितळाचें किंवा माती उकरणाऱ्या डुकराचें मांस पाळीव जनावरापेक्षां गडद असावें यांत आश्चर्य तें काय?

या द्रव्याचे स्वतःचेच तीन वेष आहेत. नुकत्या कापलेल्या मांसाच्या पोटांत, जेथें हवा पोहोंचलेली नाहीं तेथें, तें जांभळट दिसतें. हवा लागली कीं थोड्याच वेळांत तें चकचकीत लाल होतें. आणि बराच काळ उघडें राहिलें म्हणजे लोह गंजावें तसें त्यांतलें लोह पालटतें व मांस तपकिरी होतें. एकाच तुकड्यावर हे तिन्ही रंग दिसूं शकतात. एकावर एक ठेवलेल्या दोन तुकड्यांच्या मधला भाग जांभळट किंवा तपकिरी पडला म्हणजे घरांत ओरड होते. तसें होण्यांत नासण्याचा संबंध असेलच असें नाहीं.

आतां हिरवा रंग. यांतही सोंगें पुष्कळ आहेत. स्नायूच्या तंतूंना आडवा छेद दिला, कीं त्या पृष्ठभागावर कधीं कधीं पारव्याच्या गळ्यासारखी हिरवी-जांभळी झळाळी येते. ती द्रव्याची नसते, प्रकाशाची असते. तंतूंची रचना एकमेकांशेजारीं ओढलेल्या बारीक रेघांसारखी असल्यामुळें प्रकाशकिरण फुटतात आणि रंग उमटतात. तुकडा हातांत फिरविला तर ही झळाळी सरकते किंवा नाहींशी होते. खरा हिरवा रंग कसाही फिरवा, हलत नाहीं. तो जंतूंचा असतो. मांस कुजूं लागलें म्हणजे कांहीं जंतु गंधकयुक्त वायु सोडतात, तो मायोग्लोबिनाला जाऊन भिडतो आणि हिरवें द्रव्य तयार होतें. उष्ण प्रदेशांत मारलेलें जड जनावर बराच वेळ न फाडतां पडून राहिलें, तर वरून तें ताजें दिसतें, पण मांडीच्या हाडापाशीं उष्णता कोंडून राहते व कुजण्याची क्रिया तेथूनच सुरू होते. अशा वेळीं वास हाडाजवळ सुरी पोहोंचल्यावरच येतो.

हिरव्या डागाचें आणखी एक कारण म्हणजे पित्त. जनावर फाडतांना पित्ताशय फुटलें तर भोंवतालचें मांस हिरवें-पिवळें व कडू होतें. येथें एक मौजेची गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. चितळ, सांबर इत्यादि मृगकुळांतल्या प्राण्यांना पित्ताशय नसतेंच. तें डुकराला असतें, नीलगायीला असतें, बकऱ्यालाही असतें. म्हणून चितळाच्या कलेजीवर हिरवा डाग दिसला आणि कोणी 'पित्त फुटलें' म्हणून समजूत घातली, तर ती समजूत खरी नाहीं. तो डाग बहुधा फाटलेल्या पोटांतल्या चाऱ्याचा असतो, आणि त्याबरोबर आंतड्यांतले जंतूही मांसावर आलेले असतात.

मुका मार लागलेल्या जागेचा हिरवा रंग तर अधिकच बोलका. लहान मुलाच्या नडगीवर खेळतांना लागलें म्हणजे ती जागा आधीं लाल, मग काळीनिळी, नंतर हिरवट व शेवटीं पिवळी होते, हें प्रत्येक घरांत पाहिलेलें असतें. सांकळलेल्या रक्तांतील रंगद्रव्याचें शरीर क्रमाक्रमानें विघटन करतें, त्याच्या या पायऱ्या. रानच्या जनावरांतही हाच क्रम चालतो; पण तो जिवंतपणींच चालतो, मेल्यावर थांबतो. तेव्हां डुकराच्या खांद्यांत हिरवट-पिवळा पट्टा आढळला, तर त्याचा अर्थ असा, कीं तें जनावर कांहीं दिवसांपूर्वीं जखमी होऊन निसटलें होतें. फांशांतून म्हणा, कुत्र्यांच्या तोंडून म्हणा, किंवा चुकलेल्या गोळीखालून म्हणा. मरणकाळची जखम मात्र तांबडी किंवा काळीजांभळीच राहते. वैद्यकीय तपासांत माणसाच्या अंगावरील वळांवरूनही असाच अंदाज बांधतात.

पिवळ्या चरबीच्या दोन जाती आहेत, आणि त्यांतला भेद ओळखणें फारसें कठीण नाहीं. हिरवा चारा किंवा पिवळीं फळें खाणाऱ्या जनावराच्या चरबींत गाजरांतलें रंगद्रव्य सांठतें. तें निरुपद्रवी, आणि तें चरबीपुरतेंच राहतें. काविळीचा पिवळेपणा मात्र अंगभर पसरतो: डोळ्याचा पांढरा भाग, स्नायूंचे कंडरे, कुर्चा, रक्तवाहिन्यांचें अस्तर, सर्व कांहीं पिवळें. तसें दिसलें तर यकृत बिघडलें आहे किंवा रक्ताच्या पेशी फुटत आहेत असें समजावें. लेप्टोस्पायरोसिस हा रोग त्यांतलाच. उंदीर, डुकरें व गुरें यांच्या मूत्रावाटे त्याचे जंतु पाण्यांत उतरतात, आणि सांचलेल्या पाण्यांत अनवाणी उभें राहून रोवणी करणाऱ्या माणसाच्या पायांच्या चिरांतून ते शरीरांत शिरतात. धानाच्या मुलुखांत म्हणूनच या रोगाकडे लक्ष ठेवावें लागतें. खाणाऱ्यापेक्षांही येथें उघड्या हातांनीं जनावर फाडणाऱ्याला धोका अधिक.

काळें मांस म्हटलें कीं श्रोत्यांपैकीं कित्येकांना कडकनाथ कोंबडीची आठवण होईल. मध्यप्रदेशांतील झाबुआची ही जात. २०१८ सालीं तिला भौगोलिक मानांकनही मिळालें. तिचें कांतडें, मांस, हाडांवरचें आवरणसुद्धां काळें, आणि तो काळेपणा आपल्या केसांना रंग देणाऱ्या मेलॅनिनाचाच. तो जन्मजात आहे, रोगाचा नाहीं. चितळाच्या किंवा नीलगायीच्या मांसाचा काळेपणा निराळा. त्याचें एक कारण पाठलाग. प्राणी शांतपणें मेला तर त्याच्या स्नायूंतील सांठविलेल्या साखरेचें मरणानंतर आम्ल बनतें, मांस किंचित् आंबट होतें, आणि तें आम्ल जंतूंना आवर घालतें. कुत्र्यांनीं किंवा माणसांनीं कोस दोन कोस पळविलेल्या जनावराची ती साखर धांवण्यांतच खर्चून गेलेली असते. मग आम्ल बनत नाहीं, मांस गडद, चिकट व कोरडें दिसतें, आणि लवकर नासतें. चितळ तर इतकें भित्रें, कीं नुसत्या पकडण्याच्या धास्तीनें त्याच्या स्नायूंचे तंतु मोडूं लागतात, मूत्र कॉफीसारखें काळपट होतें, आणि सुटका झाल्यावरही कांहीं दिवसांनीं तें मरतें. वन्यप्राणी हलविणाऱ्या पशुवैद्यांना याची फार भीति असते. म्हणून तें काम शक्य तितकें शांतपणें व थंड वेळीं करतात.

काळेपणाचें दुसरें कारण अधिक गंभीर आहे, आणि गोंदियासारख्या मुलुखांत त्याकडे विशेष लक्ष पुरविलें पाहिजे. विजेच्या धक्क्यानें मेलेल्या जनावराचें हृदय क्षणांत थांबतें. त्याचें रक्त वाहून जात नाहीं, स्नायूंत व आंतल्या इंद्रियांत तुंबून राहतें; मांस काळेंजांभळें, ओलसर दिसतें, जागजागीं टांचणीच्या टोंकाएवढे रक्ताचे ठिपके आढळतात, आणि रक्त पुष्कळदां गोठलेलें नसतें. तारेजवळ सांपडलेलें असें डुकर पाहून फाडणारे म्हणतात, 'करंटचें आहे, ताजें आहे.' आतां फाशी या रोगाचें वर्णन ऐका. इंग्रजींत त्याला अँथ्रॅक्स म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ कोळसा. जनावर अचानक मरतें, बहुधा आधीं आजारी दिसतही नाहीं. पोट भराभर फुगतें, नाकातोंडांतून काळपट रक्त येतें, तें गोठत नाहीं, आणि प्लीहा सुजून डांबरासारखी काळी होते. अचानक मरण, काळें रक्त, न गोठणें! सुरी हातांत धरलेल्या सामान्य माणसाला या दोन मरणांतला फरक कळावा कसा? म्हणूनच पशुवैद्यकाचीं पुस्तकें सांगतात, कीं असें जनावर विजेनें मेलें असें वाटलें तरी फाशी नाहीं याची खात्री होईपर्यंत तें उघडूं नये.

उघडूं नये याचें कारणही सांगितलें पाहिजे. मृत शरीर बंद राहिलें तर आंतले फाशीचे जंतु कुजण्याच्या क्रियेंत बव्हंशीं मरतात; पण त्यांना हवा मिळाली कीं ते कवचबंद बीजाणूंचें रूप घेतात, आणि ते बीजाणु मातींत कित्येक दशकें टिकतात. दुसऱ्या महायुद्धांत, १९४२ सालीं, ब्रिटिशांनीं स्कॉटलंडजवळच्या ग्रुइनार्ड नांवाच्या लहानशा बेटावर मेंढ्या बांधून या जंतूंचा प्रयोग केला. त्यानंतर तें बेट माणसाला जवळजवळ अर्धें शतक वर्ज्य झालें. १९८६ सालीं समुद्राच्या पाण्यांत फॉर्मल्डिहाइड मिसळून सारी जमीन भिजविली, तेव्हां कोठें १९९० सालीं तें निर्धोक म्हणून जाहीर करतां आलें. आपल्याकडे २०२२ सालच्या जून महिन्यांत केरळांतील अथिरापिल्लीच्या रानांत रानडुकरें मरूं लागलीं, आणि तपासांत तो फाशीच निघाला. ओरिसाच्या कोरापुट भागांत तर मेलेल्या गुरांचें मांस कापल्या-खाल्ल्यानें माणसांना हा रोग झाल्याचीं उदाहरणें वारंवार घडलेलीं आहेत. कापणाऱ्याच्या हातावर न दुखणारा, वर काळी खपली असलेला फोड उठतो. वेळेवर औषध मिळालें तर हा फोड बरा होतो; पोटांत गेलेला रोग त्याहून फार वाईट. शिजविल्यानें बीजाणु मरतीलच असा भरंवसा धरतां येत नाहीं.

आतां त्या निळ्या चरबीकडे वळूं. कॅलिफोर्नियाच्या माँटेरे परगण्यांत २०२५ सालच्या आरंभीं डुकरें पकडणाऱ्या एका इसमाला कांहीं रानडुकरांचें मांस व चरबी गडद निळी आढळली. तेथील वन्यजीव खात्यानें तपास केला, तेव्हां डुकराच्या पोटांत व यकृतांत डायफॅसिनोन नांवाचें उंदीर मारण्याचें विष सांपडलें. ऑगस्ट महिन्यांत त्या खात्यानें शिकाऱ्यांना जाहीर इशारा दिला. निळा रंग विषाचा नव्हता. आमिष हें खाद्य नव्हे हें माणसाला ओळखूं यावें म्हणून त्यांत मुद्दाम रंग मिसळतात, तो डुकराच्या चरबींत उतरला होता. त्याच राज्यांतल्या २०१८ सालच्या एका पाहणींत, वस्तीच्या व शेतीच्या आसपास वावरणाऱ्या रानडुकरांपैकीं शेंकडा सुमारें आठांच्या अंगांत अशा विषाचा अंश मिळाला होता. डुकर हा प्राणीच असा, कीं आमिषही खातो आणि आमिष खाऊन मेलेले उंदीरही खातो.

या विषांची कुळकथा मोठी मनोरंजक आहे. १९२० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील व कॅनडांतील गुरें शिंगें छाटण्यासारख्या क्षुल्लक जखमेंतून रक्त वाहून मरूं लागलीं. बुरसलेला स्वीट क्लोव्हर हा चारा त्याला कारण, असें एका पशुवैद्यानें दाखविलें. १९३३ सालच्या फेब्रुवारींत विस्कॉन्सिनमधला एक शेतकरी मेलेली कालवड व न गोठणारें रक्त भरलेला डबा घेऊन बर्फांतून विद्यापीठांत गेला, आणि कार्ल पॉल लिंक या रसायनशास्त्रज्ञाच्या दारांत तें ठेवलें. लिंकनें वर्षानुवर्षें खपून त्यांतलें द्रव्य शोधून काढलें. त्याचा पुढचा अवतार वॉर्फरिन १९४८ सालीं उंदीर मारण्यासाठीं बाजारांत आला, आणि पुढें तोच हृदयविकाराच्या रोग्यांना रक्ताच्या गांठी होऊं नयेत म्हणून मोजून मापून दिला जाऊं लागला. डायफॅसिनोन आणि आपल्या दुकानांत वडीच्या रूपानें मिळणारें ब्रोमाडायोलोन हीं त्याच प्रकारचीं विषें. तीं रक्त गोठविणाऱ्या द्रव्यांना लागणाऱ्या 'के' जीवनसत्त्वाचें काम अडवितात. परिणाम लगेच दिसत नाहीं. चार-दोन दिवसांनीं हिरड्यांतून, नाकांतून रक्त येऊं लागतें, अंगावर विनाकारण काळेनिळे डाग उठतात. वेळीं ओळखलें तर तेंच जीवनसत्त्व औषध म्हणून देतात. शिजविल्यानें, तळल्यानें हें विष जात नाहीं. आणि तें सर्वांत अधिक काळ टिकतें तें यकृतांत. म्हणजे ज्या कलेजीचा वाटा पंगतींत मानाच्या पाहुण्याला द्यावयाचा, तिच्यांतच.

या निळ्या चरबीनें एक विचार करण्यासारखी गोष्ट उघड केली. रंग दिसला तो त्या डुकरानें फार मोठा डोस खाल्ला म्हणून. थोडें विष खाल्लेल्या डुकराची चरबी पांढरीच राहते. आपल्याकडच्या इतर विषांचें तर विचारूंच नये. उंदरांसाठीं वापरलें जाणारें झिंक फॉस्फाइड ही काळसर पूड आहे. पोटांत गेल्यावर तिचा विषारी वायु होतो, आणि लसणीसारख्या वासाखेरीज मांसावर ओळखण्याजोगी खूण राहत नाहीं. धानाच्या शेतांत एके काळीं सर्रास टाकलेलें फोरेट, ज्याला शेतकरी थिमेट या नांवानें ओळखत, तें २०२० च्या अखेरीपासून देशांत बंद झालें आहे. अशीं कीटकनाशकें मज्जातंतूंवर घाला घालतात. प्राणी लाळ गाळीत, तडफडत मरतो, पण मांस लालचें लालच. शिशाच्या गोळीचे सूक्ष्म कण जखमेपासून वीतभर दूरच्या मांसांतही विखुरतात, तेही डोळ्यांना दिसत नाहींत. आणि या सर्वांवर कडी म्हणजे, शहरांत येणारा डबा बहुधा शिजविलेल्या रश्श्याचा असतो. एकदां तिखट, हळद आणि गरम मसाल्याची तर्री वर चढली, कीं लाल, काळें, हिरवें, निळें हा सारा हिशेबच संपला.

जिवंत तारेचा आणखी एक बळी येथें नोंदला पाहिजे. नागझिऱ्याच्या रानांत वाढलेला 'जय' नांवाचा वाघ २०१३ सालीं तेथून उमरेड-करांडल्याच्या रानांत गेला, आणि त्याच्या प्रचंड देहयष्टीमुळें देशभर प्रसिद्धीस आला. २०१६ सालीं तो दिसेनासा झाला. त्याचाच मुलगा 'श्रीनिवास' २०१७ सालच्या एप्रिलमध्यें चंद्रपूर जिल्ह्यांतील नागभीडच्या बाजूला मेलेला आढळला; शेताभोंवतीं सोडलेल्या विजेच्या तारेनें त्याचा प्राण घेतला होता. रात्रीच्या अंधारांत आपल्याच शेताकडे निघालेला शेतकरीही या तारेला चिकटून मेल्याचीं उदाहरणें विदर्भांत थोडीं नाहींत. सूर्यशक्तीवर चालणारें, क्षणभर झटका देऊन थांबणारें कुंपण निराळें. तें जनावराला हुसकावतें, मारीत नाहीं. वन्यप्राण्यांनीं केलेल्या पिकाच्या नुकसानीबद्दल सरकारी भरपाईचीही सोय आहे, पण ती मिळविण्यासाठीं अर्ज, पंचनामे आणि हेलपाटे यांत शेतकऱ्याचे दिवस जातात. ती वेळेवर हातीं पडेल तर तारेवर आंकडा टाकणारे हात पुष्कळ कमी होतील.

रानांत किंवा बांधावर मेलेलें जनावर दिसल्यास त्याला हात न लावतां, कुत्रीं दूर ठेवून, वनखात्यास १९२६ या क्रमांकावर कळवावें. पाळीव गुरें त्याच सुमारास अचानक मेलीं असतील तर पशुवैद्यकीय दवाखान्यालाही तें सांगावें. शवाला कोणी आधींच हात लावला असेल तर त्यानें साबणानें हात स्वच्छ धुवावे आणि पुढें आठवडाभर अंगावर फोड किंवा ताप येतो काय, यावर नजर ठेवावी. ज्याच्या घरीं असा डबा आलेलाच आहे आणि खाल्ल्यावर हिरड्यांतून रक्त येतें, पोटांत मुरडा धरतो किंवा काविळीची झांक दिसते, त्यानें डॉक्टरांपाशीं रानच्या मांसाची गोष्ट लपवूं नये. तपासणी रक्त गोठण्याची करावयाची कीं जंतूंची, हें त्या एका वाक्यावर ठरतें.